घरांतील चार गोष्टी : छताची रंगसफेदी

घरास रंग द्यावयाचा झाला म्हणजे भिंतींचा विचार आपण चार दिवस करितों आणि छताचा मुळींच करीत नाहीं. छताकडे पाहतो कोण, असें आपलें म्हणणें. आमचेंहि तेंच होतें. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमचे वडीलबंधु न्हाणीघरांत पाय घसरून पडले, त्यांच्या मांडीचें हाड मोडलें, आणि तेव्हांपासून आमच्या घरांत असें एक माणूस झालें कीं, ज्यास दिवसाचे बारा तास छतावांचून दुसरें कांहीं पाहावयास नाहीं.

भाद्रपदांत एके दिवशीं दादा म्हणाले, "अरे, त्या कोपऱ्यांतला डाग परवां वासराएवढा होता. आज त्याचा बैल झाला आहे." आम्ही हंसलों. पडून असलेल्या वृद्धांस असले आकार दिसावयाचेच, अशी आपली समजूत असते. मात्र नवरात्र जवळ आलें होतें. म्हणून एका कारागिरास बोलावून छतावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. काम एका दिवसांत उरकलें. आठ दिवसांनीं बैल परत आला. शिवाय सायंकाळचें तिरपें ऊन खिडकींतून आंत आलें म्हणजे सगळ्या छतावर पोतेरें फिरविल्यासारखे पट्टे दिसूं लागले. कारागिरास दोष देणें सोपें होतें. पण घाई आमची होती, आणि गच्चीवर चढून पाहण्याचें कामहि आमचेंच होतें.

शेवटीं वर गेलों. पन्हळीचें तोंड पानांनीं बुजलेलें. कठड्याच्या बुडाशीं भेग, आणि त्या भेगेंत बोटभर पिंपळ रुजलेला. पाणी तेथें तुंबे, भेगेंतून उतरे आणि दादांच्या खाटेवरतीं येऊन थांबे. खालीं येऊन नातवानें काठीच्या टोकानें छत ठोकून पाहिलें. इतरत्र टणक आवाज आला; बैलाच्या पोटाखालीं बद्द आवाज आला. दादांची उशी बरोबर त्याच्याखालीं होती. त्याच संध्याकाळीं खाट हलविली, आणि दुसऱ्या दिवशीं गवंड्यानें हात लावतांच परातीएवढा गिलावा खालीं आला. स्लॅबच्या पोटांतील लोखंडास पाणी लागलें कीं तें गंजतें; गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो आणि सभोंवतींचें काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. रंगानें हें झांकतां येतें, थांबवितां येत नाहीं. दादा जें सांगत होते तें खरें होतें, आणि आम्हीं तें हंसण्यावारी नेलें, ही गोष्ट अजून मनास टोंचते.

तेव्हां पहिला नियम हा कीं, ओलीचें मूळ सांपडल्याशिवाय रंगाचा डबा उघडूं नये. आम्हीं पन्हळ मोकळी केली, पिंपळ मुळासकट काढवून भेग बुजविली, लोखंडावरील गंज काढवून गिलावा नवा करविला. आठवडाभर त्यास पाणी मारलें आणि पुढें महिनाभर वाळूं दिलें. नवा गिलावा ओला असतां रंग दिला तर तो पापुद्र्यानें सुटतो. लोखंड फार झिजलें असेल किंवा छत झुकलें असेल, तर मात्र गवंड्यावर न विसंबतां इंजिनियरास दाखवावें. अशा रीतीनें नवरात्रांत एका दिवसांत 'झालेलें' काम खरोखर सुरू झालें तें माघांत.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाच्या तयारीची. विष्णुधर्मोत्तरपुराणाच्या चित्रसूत्रांत चित्रासाठीं भिंत कशी तयार करावी याचें सविस्तर विवेचन आहे. त्यांत विटांची पूडहि येते. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांतील चित्रित छत आपण पाहतों, तें नुसत्या खडकावर रंगविलेलें नाहीं. आधीं गिलाव्याचा थर, त्यावर पांढरा पातळ थर, आणि मग रंग. आमचें छत अर्थातच अजिंठ्याचें नव्हे, पण न्याय तोच. रंग हा केसाहूनहि पातळ पडदा. खालीं जें असेल तेंच तो दाखवितो.

जुन्या घरांत छतावर बहुधा चुन्याची सफेदी असते. तळहात फिरवून पाहावा. हातास पांढरी पूड लागली तर तिच्यावर ॲक्रिलिक इमल्शन धरणार नाहीं. भिजविलेला चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड घेऊन वाळतो व खडूसारखा होतो. वर्षानुवर्षें चढविलेले त्याचे थर एकमेकांस घट्ट धरून राहत नाहींत. वरचा रंग वाळतांना आक्रसूं लागला कीं चुन्यासकट उलतो. म्हणून सफेदी लोखंडी पट्टीनें खरवडून ओल्या फडक्यानें पुसून काढावी. जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घांसूं नये. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, हा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें किती आहे हें डोळ्यांनीं कळत नाहीं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करिते. पाणी लावून घांसावें आणि मुलांस त्या खोलींत येऊं देऊं नये.

मग बारीक भेगा व खड्डे लांबीनें भरावे. लांबी एकदम जाड भरूं नये. पातळ थर द्यावा, वाळूं द्यावा, पुन्हां द्यावा. शेवटीं बारीक पॉलिश-पेपरानें घांसून हातबत्ती छताला जवळजवळ टेकवून तिरपी धरावी. दिवसा दिसत नाहीं असा उंचसखलपणा त्या उजेडांत सावली टाकतो. जेथें सावली पडेल तेथें पेन्सिलीनें खूण करून पुन्हां लांबी द्यावी. आमच्या नातवास हें काम इतकें आवडलें कीं, त्यानें रात्रीं दहापर्यंत पेन्सिल खालीं ठेविली नाहीं. त्यानंतर धूळ पुसून अस्तर द्यावें. पाण्याचा जुना पिवळा डाग मागें राहिला असेल तर तेवढ्या जागेस तेलाचें अस्तर लावावें. पाण्याच्या रंगांत तो डाग विरघळून पुन्हां वर येतो. नवरात्रांतला बैल परत आला त्याचें अर्धें कारण हें, आणि अर्धें वरची ओल.

आतां प्रत्यक्ष रंग. छतास झगझगीत रंग नको, मॅट असावा. चकाकी प्रत्येक दोष दुप्पट करून दाखविते. दोन डबे असतील तर एका बादलींत एकत्र करावे, म्हणजे छटेंत फरक राहत नाहीं. पाणी डब्यावर सांगितलें असेल तेवढेंच, आणि मोजून घालावें. आमची खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद. दोन लिटरांत दोन हात होऊन थोडा रंग उरला.

पट्टे कां पडतात, तें आतां सांगतों. रंगाची कड अर्धवट वाळली आणि तिच्यावर पुन्हां रोलर फिरविला कीं तेथें दोन थर होतात. पांढऱ्या रंगांतहि ते दिसतात. म्हणून कड ओली असतांनाच पुढचा पट्टा तिला मिळवावा. भिंतीलगतची तीन बोटें जागा ब्रशानें भरावी, पण चारी बाजू आधीं रंगवून ठेवूं नयेत. एका बाजूस दोनतीन हात ब्रश चालवावा आणि लगेच रोलर मागें यावा. दोघांनीं मिळून केलें तर हें सहज साधतें. रोलर रंगांत बुडवून निथळावा, अडीच-तीन फुटांच्या पट्ट्यांत नागमोडी फिरवून रंग पसरावा, आणि शेवटीं दाब न देतां एकाच दिशेनें हलकेच फिरवून सोडावा. पहिला हात खिडकीच्या आडव्या दिशेनें, दुसरा खिडकीकडून आंत, म्हणजे उजेड येतो त्या दिशेनें. वाळूं लागलेल्या जागीं 'एवढेंच जरा सुधारतों' म्हणून परत जाऊं नये. चूक राहिली असेल तर ती दुसऱ्या हातांत जाते. एक हात सुरू केला कीं मध्यें चहास थांबूं नये. आमच्या कुटुंबानें चहा आणला होता. तो निवला, पण छत एकसारखें झालें. पंखा मुख्य बटणापाशीं बंद करावा. त्याच्या वाऱ्यानें कड लवकर वाळते, आणि लांब दांड्याचा रोलर हातीं असतां चालू पंखा हा केवळ घात होय.

लांब दांड्याविषयीं आमचा आग्रह आहे. रोमच्या सिस्टाइन चॅपेलचें छत मायकेलअँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत रंगविलें, तें पुष्कळांस वाटतें तसें उताणें निजून नव्हे, तर परांचीवर उभें राहून, मान मागें टाकून. आपणांस ती तपश्चर्या नको. दांडा असला म्हणजे पाय जमिनीवर राहतात. घोडीवर चढणें फक्त कडांपुरतें, तेंहि तरुणानें, आणि खालून एकानें धरून. आम्ही साठी उलटलेले. घरांत एक मोडलेलें हाड पुरे आहे, असें सांगून सुनेनें आम्हांस ब्रशास हात लावूं दिला नाहीं. आम्ही जमिनीवर जुनीं धोतरें पसरण्याचें आणि डोळ्यांस चष्मा, डोक्यास फडकें बांधा असें ओरडण्याचें काम केलें.

तिसऱ्या दिवशीं, वास गेल्यावर, दादांची खाट परत आणली. सायंकाळचें ऊन आंत आलें. त्यांनीं बराच वेळ वर पाहिलें आणि म्हणाले, "उत्तम झालें. पट्टा नाहीं, डाग नाहीं. पण अरे, आतां मीं पाहावें काय?"

या प्रश्नाचा विचार आम्हीं कोणींच केला नव्हता. सुनेनें काढला. तिनें खाटेचें डोकें फिरविलें, दोन उशा जास्त दिल्या, आणि आतां दादांस खिडकींतून प्राजक्त दिसतो व फाटकांतून येणारें माणूसहि दिसतें. हें दोन वर्षांपूर्वींच सुचावयास हरकत नव्हती.

वाचकांच्या घरांतहि कोणीतरी खाटेवर असेल. आज रात्रीं त्यांच्यापाशीं बसून एकदां वर पाहावें, काठीनें छत ठोकावें, आणि त्यांस तेथें काय दिसतें तें विचारावें. उत्तर हंसण्यावारी नेऊं नये.