जुन्या बंदुकीचें काय करावें?

शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविली. ज्या उंसाच्या गुळावर ती नांवारूपास आली, तो ऊंस राधानगरी, शाहूवाडी, आजरा या भागांत आज रानडुकरें लोळवीत आहेत. अशा वेळीं घरांतील जुनी बंदूक दुरुस्त करावी कीं तिच्या बदलीं नवी घ्यावी, असा प्रश्न कित्येक शेतकरी बंधूंपुढें उभा राहतो. त्याविषयीं आमचें मत येथें मांडतों.

आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. सबब प्रथम कागद पाहावा असें आम्ही सांगूं. परवाना वडिलांचे नांवें असून ते वारले असतील, तर ती बंदूक बाळगणेंच अंगाशीं येतें, मग दुरुस्ती दूरच राहिली. वारसानें ती पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

कागदानंतर नळी. घोडा सैल झाला, चाप अडकूं लागला, कुंदा फुटला, तर परवानाधारक कारागिराकडून खुशाल नीट करून घ्यावें. परंतु नळींत गंजाचे खड्डे, चीर किंवा फुगवटा दिसल्यास तिजवर पैसा घालूं नये. ती फुटली तर हात जातो तो धन्याचाच. तार वळून केलेल्या जुन्या नळ्या बिनधुराच्या दारूसाठीं नव्हेत. कांहीं जुन्या बारा बोरांत अडीच इंची काडतुसाचीच जागा असते. तींत पावणेतीन इंची काडतूस शिरतें खरें, पण उडतांना दाब धोक्याच्या पलीकडे जातो. ठासणीची बंदूक काडतुसाची करून देतों म्हणणारा कोणी भेटल्यास त्याला दुरूनच नमस्कार करावा. २०१९ च्या दुरुस्तीपासून विनापरवाना असा बदल करणें हाही गुन्हा आहे.

नवी घ्यावयाची झाल्यास तरुण मंडळींचें मन रायफलीवर जातें. चुकलेली गोळी मैलभर जाते, आणि आपल्याकडे उंसापलीकडे वस्ती असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतही पीक राखणीसाठीं ठासणीची, व ती अपुरी ठरल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक सांगितली आहे. ती शेतास पुरे.

तथापि परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें रानडुक्कर मारण्यासही वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गवा आणि हत्ती तर पहिल्या अनुसूचींतले. त्यांवर बंदूक उगारण्याचा विचारही करूं नये. तेथें वन विभागाकडे त्वरित अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा व नुकसानभरपाई मागावी.

सारांश, नळी धड व कागद शुद्ध असेल तर दुरुस्ती करावी. नळी गेली असेल तर बंदूक रीतसर जमा करावी. आजोबांची आठवण ठेवण्यास त्यांची शेती पुरे आहे. मात्र नवी घेण्यापूर्वीं एक प्रश्न मनास विचारावा. रात्रीं मळ्यावर जागणारा माणूस घरांत उरला आहे काय? मुलें कोल्हापुरांस किंवा पुण्यास नोकरीस असतील, तर भिंतीवरची बंदूक डुकरास भीति घालीत नाहीं. त्यापेक्षां चार शेजाऱ्यांनीं वर्गणी काढून सौर कुंपण घालावें. तारेंत थेट वीज मात्र सोडूं नये. तिला डुक्कर आणि शेजाऱ्याचें पोर यांतला भेद कळत नाहीं.