स्पॅनिश शिकायची तर मराठीतूनच



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय 'जगातल्या शाळा' असा ठरला आणि सातवीच्या वाट्याला स्पॅनिश बोलणाऱ्या देशांच्या शाळा आल्या. शाळेबद्दल बोलायला लागणारे शब्द आणि थोडेसे व्याकरण आम्ही जमवले. तो तक्ता शेजारीच लावला आहे, तो तुम्ही पाहालच. इथे मात्र एक मत मांडायचे आहे. ते असे, की मराठी मुलांनी स्पॅनिश मराठीतूनच शिकावी. इंग्रजीतून शिकायला गेलो तर सोपी गोष्ट उगाच अवघड होऊन बसते.

असे म्हणायला कारण घडले. मोबाइलवर आम्हाला सापडलेले धडे सगळे इंग्रजीतून होते. ते आम्ही व्हरांड्यात बसून उतरवून घेत होतो, तेव्हा एक पालक म्हणाले, "पोरांनो, असल्या भाषा पाहिजेत तर आधी इंग्रजी माध्यमात जावं लागतंय. इथं लिंग, वचन, विभक्ती घोकून काय हाती लागणार?" काकांचा राग आम्हाला आला नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या वर्गातली चार मुले तालुक्याला इंग्रजी शाळेत गेली, तीही याच विचाराने. पण काकांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या तक्त्यातच सापडले आणि ते द्यायलाच पाहिजे, असे वाटले.

पहिले उदाहरण लिंगाचेच घेऊ. स्पॅनिशमध्ये प्रत्येक नाम पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी असते. पुस्तक म्हणजे लिब्रो, ते पुल्लिंगी. शाळा म्हणजे एस्कुएला, ती स्त्रीलिंगी. इंग्रजी धड्यात याच्यावर दोन पाने खर्च केली आहेत. निर्जीव वस्तूला लिंग कसे असते, ते आधी समजावून सांगावे लागते, कारण इंग्रजीत तसे नसते. आम्हाला त्यात काय नवल? आमची शाळा ती, फळा तो आणि पुस्तक ते! आमच्याकडे तर तीन लिंगे, त्यांच्याकडे दोनच.

मग विशेषण बदलते. नवे पुस्तक म्हणजे लिब्रो नुएवो, नवी शाळा म्हणजे एस्कुएला नुएवा. अनेकवचनी लिब्रोस नुएवोस, एस्कुएलास नुएवास. आपण म्हणतो नवा फळा, नवे फळे, नवी वही, नव्या वह्या. चाल तीच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'न्यू' पुरते. तेव्हा जो मुलगा इंग्रजीतून विचार करील तो 'लिब्रो नुएवा' म्हणून मोकळा होईल. मराठीतून विचार करणाऱ्याच्या कानाला ते 'नवी फळा' म्हटल्यासारखे खटकेल. मात्र एक लक्षात ठेवायचे. विशेषण बहुधा नामाच्या मागून येते आणि त्यांचे लिंग आपल्यासारखेच असेल असे नाही. हात म्हणजे मानो, तो त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. नकाशा म्हणजे मापा, तो शेवटी 'आ' असूनही पुल्लिंगी, आपल्या नकाशासारखाच.

आता आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. 'मला शाळा आवडते' हे वाक्य घ्या. इंग्रजीत 'आय लाइक स्कूल'. म्हणजे 'मी' कर्ता झाला. स्पॅनिशमध्ये म्हणतात 'मे गुस्ता ला एस्कुएला'. यात मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडते, ला एस्कुएला म्हणजे शाळा. शब्दाला शब्द ठेवून पहा! आणि पुस्तके आवडत असली तर 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. शाळा एक म्हणून गुस्ता, पुस्तके अनेक म्हणून गुस्तान. आपणही 'मला पुस्तके आवडतात' असेच म्हणतो, 'आवडते' म्हणत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा धडा फार जड जातो. त्यांना वाक्य उलटे करून सांगावे लागते की 'शाळा माझ्यासाठी आवडती ठरते', असे काहीतरी. आमच्या वर्गातल्या सर्वांत लाजऱ्या मुलालासुद्धा ते दोन मिनिटांत आले. डोके दुखते तेव्हाही तसेच, 'मे दुएले ला काबेसा'. (हे वाक्य गणिताच्या तासाला उपयोगी पडेल, असे मागच्या बाकावरून सुचवण्यात आले.)

क्रियापदाचेही तसेच. शिकतो म्हणजे एस्तुदियो, शिकतोस म्हणजे एस्तुदियास, तो शिकतो म्हणजे एस्तुदिया, आम्ही शिकतो म्हणजे एस्तुदियामोस आणि ते शिकतात म्हणजे एस्तुदियान. शेवट बदलला की कोण बोलतो ते कळते, म्हणून 'मी', 'तू' म्हणायची गरजच पडत नाही. 'शाळेत जातो' एवढे म्हटले की पुरे, तसे 'वोय आ ला एस्कुएला'. इंग्रजीत 'गो टू स्कूल' एवढेच म्हटले तर तो हुकूम होतो! शिवाय मुलगा 'जातो' आणि मुलगी 'जाते' हा फरक त्यांच्या क्रियापदात नाही, दोघेही 'वोय'. म्हणजे इथे मराठीच जास्त अवघड आहे आणि ती आपण न शिकवता बोलतो.

यातल्या 'मोस' या शेवटाची एक गंमत आहे. एका मुलीच्या ताईच्या संस्कृतच्या पुस्तकात 'पठामः' असे रूप आहे, 'आम्ही वाचतो' या अर्थाचे. त्यातला 'मः' आणि एस्तुदियामोसमधला 'मोस' हे लांबचे चुलतभाऊ आहेत. स्पॅनिश निघाली लॅटिनमधून. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या भाषणात सांगितले होते. आकडे मोजून पहा म्हणजे पटेल. दोस, त्रेस, सिएते, ओचो, नुएवे, दिएस. हे आपले दोन, तीन, सात, आठ, नऊ, दहा. दुसरे नाते पोर्तुगीजांमुळे आले. ती भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण. पाव, चावी, बटाटा, पगार हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. स्पॅनिशमध्ये पाव म्हणजे पान, चावी म्हणजे यावे आणि पागार म्हणजे पैसे चुकते करणे.

उच्चाराबद्दल तर बोलायलाच नको. स्पॅनिशमधला 'त' हा आपला त आणि 'द' हा बहुतेक आपला द. गृहपाठाला तारेआ म्हणतात. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा त्याला 'टारेआ' करून टाकतो. बाराखडी शिकलेल्या मुलाला त आणि ट यांतला फरक पहिलीतच कळलेला असतो. जो 'ञ' आपण तक्त्यात पाहतो आणि विसरतो, तोही तिथे रोज लागतो. मुलगा म्हणजे निञो, मुलगी म्हणजे निञा. र मात्र सांभाळायचा. पेरो म्हणजे 'पण' आणि र जोरात घोळवून पेर्रो म्हटले की 'कुत्रा'.

मोठ्यांशी कसे बोलायचे, हेही मराठी मुलाला सांगावे लागत नाही. मित्राला 'तू' आणि परक्या मोठ्या माणसाला 'उस्तेद'. हे उस्तेद 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या शब्दांचे झिजलेले रूप आहे. त्याच्याबरोबर क्रियापद येते ते 'तो'चे. योगायोग पहा, की त्यांचा 'तू' हा आपल्या 'तू'सारखाच ऐकू येतो. आजच्या स्पेनमध्ये पुष्कळ शाळांत मुले शिक्षकांनाही तू म्हणतात. आम्हाला ते काही जमायचे नाही, आम्ही गुरुजींना उस्तेदच म्हणू.

आणि समास! पेन्सिलला टोक करायच्या यंत्राला ते साकापुन्तास म्हणतात. साका म्हणजे काढतो, पुन्तास म्हणजे टोके. छत्रीला पाराग्वास, म्हणजे पाणी अडवणारी. अर्जेंटिनात सरकारी प्राथमिक शाळेतली मुले कपड्यांवर पांढरा झगा घालतात, तो ग्वार्दापोल्वो, म्हणजे धुळीपासून राखणारा. आपले लाकूडतोड्या आणि खिसेकापू याच घराण्यातले आहेत. आपण नाम आधी ठेवतो, ते क्रियापद आधी ठेवतात, इतकाच भेद. हा उपपद तत्पुरुष आम्ही परीक्षेपुरता शिकलो होतो. तो अर्जेंटिनात भेटेल, असे कुणाला वाटले होते?

खरे ते सांगितले पाहिजे. सगळीकडे मराठी उपयोगी पडत नाही. आपल्या एका 'आहे'साठी त्यांचे दोन शब्द आहेत. 'शाळा मोठी आहे' याला 'एस' आणि 'बाई वर्गात आहेत' याला 'एस्ता'. मुलगा 'एस्ता' लावून आबुर्रिदो म्हटला तर तो कंटाळला आहे आणि 'एस' लावला तर तो कंटाळवाणा आहे. इथे आम्ही पुष्कळ अडखळलो. 'माझ्याकडे पेन्सिल आहे' याला त्यांच्याकडे सरळ क्रियापद आहे, 'तेन्गो उन लापिस'. तिथे इंग्रजीच जवळची. विषयांच्या नावांतही इंग्रजीच कामाला आली. मातेमातिकास, इस्तोरिया, खेओग्राफिया हे ऐकताच ओळखू येतात. तेव्हा इंग्रजी नको, असे आमचे म्हणणे नाही. इंग्रजीचा तास आम्हाला आवडतो. पण शब्द ओळखायला इंग्रजी आणि वाक्य जुळवायला मराठी, असा हिशेब आहे. वाक्य जुळले नाही तर नुसत्या शब्दांचे करायचे काय?

काकांसारखा विचार पूर्वीही होता. व्याकरण असावे ते लॅटिनचे, लोकांच्या बोलीला कशाला, असे स्पेनमध्येही विद्वानांना वाटे. तरी 1492 साली नेब्रिखा यांनी स्पॅनिशचे व्याकरण लिहून राणी इसाबेलला अर्पण केले. आपल्याकडे दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 साली आले. आज स्पॅनिश वीसएक देशांची राजभाषा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांत तिचेही नाव आहे. ती उद्या हायस्कुलात आली तर कोणत्या भाषेतून येणार, हे पालकांनी आजच विचारावे.

आणि खेड्यातल्या शाळेतून काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी गाब्रिएला मिस्त्राल यांचे नाव ऐकावे. त्या 1889 साली चिली देशात जन्मल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या तेव्हाच खेड्यातल्या शाळेत शिकवू लागल्या. 1922 साली मेक्सिकोने आपल्या ग्रामीण शाळांच्या कामासाठी त्यांना बोलावून नेले. 1945 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या ज्या भाषेत शिकवत, त्याच भाषेत लिहीत. त्याच मेक्सिकोत दर सोमवारी मुले शाळेच्या अंगणात झेंड्याला वंदन करतात आणि 1960 पासून सरकार प्राथमिकच्या मुलांना फुकट पाठ्यपुस्तके देते.

आमची मागणी मोठी नाही. शनिवारी शेवटच्या तासाला अर्धा तास द्यावा. एक स्पॅनिश वाक्य, त्याखाली मराठी वाक्य आणि दोन्हींत कर्ता कोण, क्रियापद कुणाप्रमाणे बदलले, ते मुलांनीच ओळखावे. पालकांपैकी कुणी आले तर बाकावर जागा करू. पहिल्या शनिवारचे वाक्य खडूने व्हरांड्याच्या खांबावर लिहिले आहे: 'मे गुस्तान लास एस्कुएलास नुएवास.' त्यात अनेकवचनाच्या खुणा चार आहेत. पाचवीच्या मुलांनी काल तीन शोधल्या, चौथी क्रियापदात आहे.