डोळ्यातील कृमी आणि प्रवासाची विचारपूस

डोळ्यात जंत दिसला असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याला ते आधी खोटे वाटते आणि मग किळसवाणे. म्हणून रुग्ण बहुधा गप्प बसतो. त्यातून आज ज्या कृमीविषयी लिहायचे आहे तो मोठा फसवा. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखालून तो सरपटत जातो आणि पुष्कळदा दहा-वीस मिनिटांत दिसेनासा होतो. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत किंचित लालसर डोळा एवढीच खूण उरते. मग ‘डोळे आले असतील’ म्हणून थेंब मिळतात आणि विषय संपतो.

या कृमीचे नाव लोआ लोआ. मादीची लांबी चार ते सात सेंटीमीटर आणि जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे शिवणाच्या दोऱ्याएवढी. कॅमेरून, गॅबन, काँगो, इक्वेटोरियल गिनी, दक्षिण नायजेरिया अशा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील वर्षावनांच्या प्रदेशात तो आढळतो. केनिया-टांझानियात वन्यप्राणी पाहायला जाऊन आलेल्यांनी याची धास्ती घेऊ नये. तिकडे हा आजार नाही. गोमाशीच्या कुळातील क्रायसॉप्स नावाची माशी दिवसाढवळ्या चावते आणि तिच्यावाटे याच्या अळ्या शरीरात शिरतात. लाकडे जाळल्याचा धूर या माशीला आकर्षित करतो, ही गोष्ट आपल्याकडच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. डास पळावेत म्हणून धुरी करणाऱ्या मराठी माणसाने तेथे ती करू नये. लांब बाह्यांचे कपडे आणि कीटकरोधक मलम हाच उपाय.

सन १७७० मध्ये माँजें नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने कॅरिबियन बेटावरील एका गुलाम स्त्रीच्या डोळ्यातून असा कृमी काढण्याचा प्रयत्न केल्याची नोंद आहे, कृमी निसटला. नायजेरियातील कॅलाबार या गावाचे नाव मात्र या आजाराच्या दुसऱ्या लक्षणाला कायमचे चिकटले. ‘कॅलाबार सूज’ म्हणजे मनगट, कोपर, घोटा अशा ठिकाणी अचानक येणारी, खाजणारी, दोन-चार दिवसांत आपोआप उतरणारी आणि पुन्हा भलतीकडेच उगवणारी सूज.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ गॅबनमध्ये लाकडाच्या कारखान्यात तीन वर्षे नोकरी करून परतले होते. मनगटाच्या सुजेवर त्यांनी ॲलर्जीच्या गोळ्या बऱ्याच खाल्ल्या होत्या. डोळ्याविषयी ते स्वतः बोलायलाच तयार नव्हते. त्यांच्या पत्नीने मोबाइल पुढे केला. “डॉक्टर, हे म्हणतात काही नाही. पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, हे बघा.” चित्रफीत अर्ध्या मिनिटाची होती, निदानाची दिशा ठरवण्यास तेवढी पुरेशी ठरली. तेव्हा वाचकहो, असे काही दिसले तर आधी छायाचित्र घ्यावे. मध, गुलाबपाणी, एरंडेल यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. कृमी आवरणाखाली असतो, त्याला यातले काही पोहोचत नाही. जंतुसंसर्गाची भर मात्र पडते.

पुढचा प्रश्न रक्त केव्हा तपासावे हा. आपल्याकडच्या हत्तीरोगाच्या अळ्या रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेतात. लोआच्या अळ्यांचा क्रम नेमका उलटा आहे. त्या दुपारी रक्तात फिरतात, कारण त्यांची वाहक माशी दिवसा चावते. नमुना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान घ्यावा लागतो. अवेळी घेतलेला ‘निर्दोष’ अहवाल फसवा असू शकतो. प्रवाशांमध्ये तर पुष्कळदा वेळेवर घेतलेल्या रक्तातही अळ्या सापडत नाहीत. इओसिनोफिल या पेशी वाढलेल्या असतात, तेवढाच सुगावा.

हा कृमी दृष्टी सहसा घालवत नाही. स्थानिक भूल देऊन नेत्रतज्ज्ञ तो काढतात, पण त्याचे सोबती शरीरात इतरत्र असू शकतात आणि सतरा वर्षांपर्यंतही जगू शकतात. म्हणून औषध लागते, आणि खरा धोका तेथे आहे. रक्तात अळ्यांची संख्या फार मोठी असताना डीईसी किंवा आयव्हरमेक्टिन दिले, तर अळ्या एकदम मरून मेंदूला सूज येऊ शकते. रुग्ण बेशुद्धावस्थेत जाऊ शकतो, प्रसंगी दगावतोही. आधी अळ्या मोजायच्या, मग औषध ठरवायचे.

विदर्भातील वाचकांना या दोन्ही औषधांची नावे ओळखीची वाटतील. हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत डीईसी घरोघर दिली जाते आणि काही जिल्ह्यांत तिच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही असते. ती मोहीम उत्तम आहे. घरातील पात्र माणसांनी गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात, खिशात ठेवू नयेत. मात्र वर सांगितलेल्या देशांत काही महिने काढून आलेला मुलगा वा जावई त्या दिवशी घरी असेल, तर त्याने ते स्पष्ट सांगावे आणि तपासणी होईपर्यंत थांबावे. परतून वर्षे लोटली असली तरी सांगावे. आफ्रिकेतील वाहत्या नद्यांकाठी काळ्या माशीमुळे होणाऱ्या ‘नदी-अंधत्वा’तही डीईसी डोळ्याला घातक ठरते.

परदेशाहून आलेल्या प्रत्येक लाल डोळ्यात कृमी नसतो, हे सांगायला हवेच. कॉन्टॅक्ट लेन्स लावून तरणतलावात उतरणाऱ्या किंवा लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्या तरुणांना अकँथामीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग होऊ शकतो. डोळा दिसतो त्याच्या मानाने वेदना फार अधिक असतात, आणि येथे दृष्टी खरोखरच पणाला लागते. लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. जाताना लेन्सची डबीही न्यावी, तपासणीला उपयोगी पडते.

आणि गावाबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसाच्या डोळ्यातही कृमी निघू शकतो. कुत्र्यांमधला डायरोफिलेरिया डासांमार्फत माणसात येतो. केरळ आणि पश्चिम किनाऱ्यावर असे रुग्ण आढळले आहेत. दिसायला तो लोआसारखाच पांढरा दोरा. काढलेला कृमी बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवला, की मग त्याची जात ठरते.