निखाऱ्याचा हिशेब

कोळसा उगाळावा तितका काळाच, अशी आपल्याकडे म्हण आहे. तरीही आज मी तो उगाळायला बसलो आहे. आमच्या गोव्यात गेल्या काही वर्षांत 'कोळसा' हा शब्द उच्चारला की माणसे सावध होतात. 'गोयांत कोळसो नाका' ही घोषणा तिथल्या भिंतींवर आणि मोर्च्यांत सर्वांनी वाचली-ऐकली आहे. पण तो कोळसा मुरगाव बंदरात जहाजांतून उतरणारा, खाणीतला, दगडी कोळसा. माझा विषय दुसरा आहे. कन्नड विभागातील माझे मित्र या बाबतीत भाग्यवान; त्यांच्याकडे खाणीतल्या कोळशाला 'कल्लिद्दलु' आणि लाकडाच्या कोळशाला 'इद्दिलु' असे वेगळे शब्द आहेत. आपण मराठी माणसे मात्र 'दगडी' आणि 'लाकडी' अशी विशेषणे लावून काम भागवतो, आणि कित्येकदा विशेषणही विसरतो.

मी पेडणे तालुक्यातला. आमच्याकडे निखाऱ्याला घरात मान आहे. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की सुका बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, कुस्करून त्यात खोबरे, कांदा आणि कोकम घालून किसमूर करायची आणि पेजेबरोबर खायची. याहून मोठी चैन आम्हाला ठाऊक नव्हती. फणसाच्या आठळ्या आणि कणगी चुलीतल्या विस्तवातच भाजल्या जात. शेजारच्या डिचोली तालुक्यात तर निखारा देवळापर्यंत पोचला आहे. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री होम पेटतो आणि पहाटेच्या सुमारास व्रतस्थ धोंड त्या निखाऱ्यांतून चालत जातात. निखारा म्हणजे आम्हाला काही नवलाई नव्हे.

नवलाई आहे ती परसातल्या 'बार्बेक्यू'ची. सुटी लागली की आपल्या महाविद्यालयातील मंडळी चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीमार्गे हरमल, मांद्रे, मोरजी गाठतात. तिथे अंगण असलेली खोली भाड्याने घ्यायची, लोखंडी जाळी मांडायची, कोळशाची पिशवी फोडायची आणि मासळी किंवा कोंबडी भाजत रात्र काढायची, हा आता शिरस्ता झाला आहे. यात गैर काहीच नाही. चार मित्रांनी मिळून विस्तवाभोवती बसावे आणि स्वतःच्या हाताने रांधून खावे, हे उपाहारगृहात बसून हुकूम सोडण्यापेक्षा शतपटीने चांगले. माझा प्रश्न एवढाच आहे, की पिशवीतला तो कोळसा आला कुठून, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, गॅस असताना कोळसा हवाच कशाला? धूर होतो, झाडे जातात, बंदच करा. या पक्षाला अलीकडे बळही मिळाले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या शहरातील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. दुसरा पक्ष म्हणतो, कोळशाची चव गॅसला येत नाही; महिन्यातून एकदा पेटवला तर कोणते जंगल बुडते? मला हे दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात, कारण दोघांनीही हिशेब मांडलेला नाही.

तो आपण मांडू. लाकूड पुरेशा हवेशिवाय तापवले की त्यातले पाणी, धूर आणि डांबरासारखी द्रव्ये निघून जातात. उरतो तो बहुतांशी कार्बन. म्हणूनच कोळशाला धूर कमी आणि धग जास्त. एक किलो वाळल्या लाकडातून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक किलो चांगल्या कोळशातून सुमारे ७,०००. इथवर सौदा फायद्याचा वाटतो. पण मातीने लिंपलेल्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी पाच-सहा किलो लाकूड लागते. म्हणजे लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतच खर्ची पडते. दहा मित्रांनी एका रात्रीत तीन किलो कोळसा जाळला, तर त्यामागे पंधरा-अठरा किलो लाकूड गेले असे समजावे. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने कोळसा, मग तो जंगलात सापडो वा बाहेर, वनोपजातच धरला आहे. आणि गोव्यात तर १९८४ पासून झाड तोडायला परवानगी लागते.

हिशेबाची दुसरी बाजू माणसांची आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. रायगड-ठाण्याकडचे कातकरी एके काळी खैराचा कात काढून जगत. तो धंदा गेल्यावर त्यांच्यातील कित्येक कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेली. पावसाळा सरला की ठेकेदाराकडून उचल घ्यायची, बायकामुलांसह परमुलखात भट्टीवर राहायचे आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही तोच ठेकेदार. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. तरी उचलीचा फास सुटलेला नाही. मुले शाळेतून उठतात ती अशीच. आपण पिशवीवरची किंमत पाहतो; हा भाग त्या किमतीत कुठेच लिहिलेला नसतो.

मग काय करावे? बंदी हा मला उपाय वाटत नाही. बंदीने भट्टी आडरानात जाईल आणि भट्टीवरचा माणूस अधिकच लपवला जाईल. उपाय आमच्या परसातच पडलेला आहे. चवीचा विचार करा. चांगल्या कोळशाला स्वतःची चव फारशी नसते, कारण वास देणारी द्रव्ये भट्टीतच उडून गेलेली असतात. जी खमंग चव आपण कोळशाची म्हणून वाखाणतो, ती बव्हंशी तापलेल्या निखाऱ्यावर गळणाऱ्या तेला-चरबीच्या धुराची आणि कडक आचेची असते. तेव्हा निखारा चांगला हवा हे खरे. पण तो झाड तोडूनच आला पाहिजे, असे कुठे आहे?

आमच्याकडे घरटी नारळ फुटतो. त्याची करवंटी उकिरड्यावर जाते किंवा आंघोळीचे पाणी तापवायला. करवंटीचा कोळसा कठीण, जड आणि टिकाऊ असतो. कारखाने त्यापासूनच पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन बनवतात. वीस-पंचवीस नारळांच्या करवंट्यांतून साधारण एक किलो कोळसा मिळतो. रोज एक नारळ फोडणाऱ्या घरात दोन-अडीच महिन्यांत तीन किलोंची बेगमी होते. कृतीही सोपी आहे. जुन्या पत्र्याच्या पिंपात तळाशी थोड्या करवंट्या पेटवाव्यात, त्यांनी पेट घेतला की वर थरावर थर घालावेत, दाट पांढरा धूर विरळ झाला की झाकण लावून कडा ओल्या मातीने लिंपाव्यात आणि रात्रभर निवू द्यावे. मात्र हे काम वस्तीपासून दूर करावे. शेजाऱ्याच्या डोळ्यांत धूर घालून निसर्गरक्षण होत नाही. अमेरिकेतही घरोघरी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या वड्यांचा प्रसार १९२० नंतर झाला, तो हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यातील टाकाऊ लाकडापासून. टाकाऊतून इंधन काढण्यात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, बेळगावकडच्या वसतिगृहात राहणाऱ्याने करवंट्या कुठून आणाव्यात? रास्त प्रश्न आहे. त्याने विकतच घ्यावा, पण पारखून आणि विचारून घ्यावा. चांगला कोळसा एकमेकांवर आपटला की खणखणतो. तपकिरी दिसणारा, अर्धाकच्चा कोळसा धूर ओकतो. कोकणच्या दमट हवेत तो पाणी धरतो, म्हणून बंद डब्यात ठेवावा. पेटवताना रॉकेल ओतू नये. कागद आणि चुडताचे तुकडे पुरतात. वर राखेचा करडा थर आल्याशिवाय मासळी जाळीवर ठेवू नये. आणि खोलीच्या आत, दारे-खिडक्या लावून, शेगडी कधीही ठेवू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

सर्वांत मुख्य म्हणजे, दुकानदाराला विचारावे: हा कोळसा कशाचा, कुठला? पहिल्या दिवशी तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील. आपण विद्यार्थी मोर्च्यांत मोठे प्रश्न विचारतो, विचारलेच पाहिजेत. बंदरातल्या कोळशाविरुद्ध गोव्यातील तरुण उभे राहिले याचा मला अभिमान आहे. पण जो बंदरातल्या कोळशाचा जाब विचारतो, त्याने आपल्या जाळीखालच्या कोळशाचाही विचारावा. पहिला जाब सरकारने द्यायचा आहे. दुसरा आपल्यालाच द्यावा लागेल.

येत्या सुटीत पुष्कळ जण किनाऱ्याकडे उतरतील. जरूर उतरा, बांगडा भाजा, आम्हा पेडणेकरांनाही बोलवा. येताना पिशवी विकत घेण्याआधी वाटेतल्या एखाद्या घरी करवंट्या आहेत का एवढे विचारा. बहुतेक घरी असतील, आणि कोणी पैसे मागणार नाही.