डॉक्टरांची परिषद भरते तेव्हा

मुलांनो, दवाखान्याच्या दारावर कधीकधी पाटी लटकलेली असते, ‘डॉक्टर तीन दिवस बाहेरगावी’. कंपाउंडरकाका सांगतात, “कॉन्फरन्सला गेलेत.” आपण परत फिरतो. पण एवढे शेकडो डॉक्टर एका ठिकाणी जमून करतात तरी काय? नुसती भाषणं ऐकतात? छे! तिथे भाषणं असतात, पण आणखी बरंच काही असतं.

मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची आपल्या देशात एक मोठी संघटना आहे, ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’. ती १९६३ साली स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद म्हणजे ‘पेडिकॉन’. महाराष्ट्राची वेगळी भरते, ती ‘महापेडिकॉन’. अशा परिषदेत एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत वेगवेगळे कार्यक्रम चालू असतात. आपण एकच विषय घेऊ या, जुलाबाचा. ऐकायला कसासाच वाटतो, पण हा आजार लहान बाळांच्या जिवावर उठतो, कारण अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात.

पहिल्या दालनात शोधनिबंध वाचन चाललंय. समजा, लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी एखादी तरुण डॉक्टर उभी आहे. जुलाब झालेल्या बाळांना घरी मीठ-साखरेचं पाणी पाजतात का, हे तिने आसपासच्या गावांत तपासलंय. वेळ मोजून आठ-दहा मिनिटं! वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखी घंटा होते. पण खरी परीक्षा घंटेनंतर. समोरून प्रश्न येतात, “किती घरं पाहिलीत? आईने ‘हो, पाजलं’ म्हटलं, पण खरंच पाजलं हे कशावरून?” उत्तर नसेल तर तसं सांगावं लागतं. तोंडी परीक्षेला तुमची जी अवस्था होते, तीच तिथे डॉक्टरांची होते बरं का!

बाहेरच्या मोकळ्या जागेत पोस्टर लावलेली असतात. आपलं विज्ञान प्रदर्शनच म्हणा ना. ज्याने काम केलं तो आपल्या तक्त्याशेजारी उभा असतो आणि कुणीही थांबून विचारू शकतो. मला विचाराल तर परिषदेतली सगळ्यात चांगली जागा हीच. व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत, नुसत्या गप्पा.

एखाद्या दालनात वादविवाद असतो. दोन नामवंत डॉक्टर, एक म्हणतो हे औषध द्यावं, दुसरा म्हणतो देऊ नये, आणि दोघांनाही पुरावे द्यावे लागतात. नुसता आवाज चढवून भागत नाही. चर्चासत्र, विद्यार्थ्यांची प्रश्नमंजूषा, हेही असतंच. कार्यशाळेत मात्र बोलणं कमी. तिथे डॉक्टर चक्क बाहुल्यांशी खेळतात! जन्मलेलं बाळ रडलं नाही, श्वास घेईना, तर पहिल्या एका मिनिटात काय करायचं, याचा सराव रबरी बाळावर पुन्हा पुन्हा करायचा. त्या मिनिटाला डॉक्टर ‘सोनेरी मिनिट’ म्हणतात.

आता तुमच्या कामाची गोष्ट. संशोधन मुलांवर होतं, मग मुलांना कुणी विचारतं का? विचारावंच लागतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आईवडिलांची परवानगी लागतेच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाला समजेल असं सांगून त्याचा तोंडी होकार घ्यायचा आणि बारा ते अठरा वर्षांपर्यंत लेखी. आईबाबांनो, हे तुम्हीही लक्षात असू द्या.

अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचा अहमदनगर) जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आलं. हा दुष्काळी भाग. जन्मलेल्या हजार बाळांतली सुमारे १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. आरोळ्यांनी काय केलं? गावागावांतल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला जमायच्या, गोल करून बसायच्या. एकीने सांगायचं, “आमच्या गावात अमक्या बाळाला असं झालं, मी असं केलं.” बाकीच्यांनी विचारायचं, “मग पाणी किती पाजलंस?” शोधनिबंध, चर्चा, कार्यशाळा, सगळं त्या एका गोलात! १९९० च्या दशकात बालमृत्यूंचा तो आकडा तिशीच्या खाली आला होता. आरोळे पतिपत्नींना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यांच्यातल्या एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला जागतिक आरोग्यावर मोठी परिषद भरली, तिथे त्या बोलायला गेल्या. भव्य सभागृह, छताला लखलखती झुंबरं. मुक्ताबाईंनी त्या झुंबरांकडे बोट दाखवलं. डॉक्टर या झुंबरांसारखे, त्या म्हणाल्या. सुंदर, पण महाग आणि हाताला न लागणारे. मग त्यांनी वातीचे दोन साधे दिवे काढले, एक पेटवला आणि त्याने दुसरा लावून दाखवला. आम्ही अशा आहोत, असं त्यांचं म्हणणं. झुंबराला दुसरं झुंबर पेटवता येत नाही! अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

अरे हो, मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण सांगायचं राहिलंच. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव घ्या, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवीन करा. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती अख्खी टाकायची, अर्धी नाही. बाळाला चमच्या-चमच्याने, थांबून थांबून पाजायचं. आणि बाळ मलूल वाटलं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा पाणीही पोटात ठरेना, तर वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. तुमचे डॉक्टर कॉन्फरन्सला गेले असतील, तर दुसऱ्यांचा!