परदेशातला ट्रक आणि घरचा सातबारा

गेल्या रविवारी विहारातला कार्यक्रम आटोपून आम्ही चपला घालीत होतो, तेवढ्यात एक भगिनी पुढे आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. "जयभीम भाऊसाहेब, पोराचे एवढे कागद वाचून सांगा की." मुलगा मागे उभा होता. वय अठ्ठावीस. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर सहा वर्षे ट्रक चालवतो. हेवी लायसन पक्के, शिक्षण नववी. आखाती देशात हेवी ड्रायव्हरची नोकरी आहे, असे एका मध्यस्थाने सांगितले होते. मागणी दीड लाखाची. त्यासाठी घरची अर्धा एकर कोरडवाहू जमीन गहाण टाकायची, एवढेच आता बाकी राहिले होते.

कागद हातात घेतला आणि आम्हाला जुनी गोष्ट आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक जण असाच करार घेऊन आमच्याकडे आला होता. ऑफिस सुटायची वेळ होती. आम्ही पगाराचा आकडा वाचला, मुदत वाचली आणि "ठीक आहे" म्हणून सांगितले. शेवटच्या कलमात 'मालक सांगेल ते इतर काम' असे पाच शब्द होते, त्यावर आमचे बोट थांबले नाही. तो माणूस ड्रायव्हर म्हणून गेला आणि दोन वर्षे गोदामात पोती उचलून परत आला. कर्ज मात्र इथे वाढतच राहिले. त्याने आम्हाला कधी दोष दिला नाही. पण दोष आमचा होता. म्हणून यावेळी आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

वाचकहो, हा प्रश्न एका घरचा नाही. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी घरे आहेत, पुण्या-मुंबईला हमालीला जाणारी आहेत. स्टिअरिंग हाती आले की पोराला वाटते, कोयता सुटला. मग कोणीतरी सांगतो, हेच स्टिअरिंग परदेशात धरलेस तर दुप्पट पैसे. ही इच्छा वाईट नाही. जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. पण जायचे तर कसे जायचे, हे घरातल्या सर्वांना माहीत असले पाहिजे.

पहिली गोष्ट कायद्याची. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा माणसाला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. मध्यस्थ म्हणतो, "मंजुरी कशाला? टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ." इथेच थांबावे. टुरिस्ट व्हिसावर काम करणारा माणूस तिथे गुन्हेगार ठरतो. मालकाने पगार बुडवला, तरी त्याला उजळ माथ्याने तक्रार करता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. माणसे पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. परवान्याचा नंबर सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. परवानाधारक एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. मग दीड लाख कशाचे? आम्ही त्या मुलाला हेच विचारले. तो म्हणाला, "काका, सगळेच देतात."

सगळेच देतात म्हणून हिशेब बदलत नाही. आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस, आम्हाला हिशेबच कळतो. दीड लाख रुपये सावकाराकडून महिना शेकडा तीन रुपयांनी घेतले, तर महिन्याचे व्याज ४,५०० रुपये. दोन वर्षांच्या करारात नुसते व्याज १,०८,००० रुपये. मुद्दल तसेच उभे. समजा तिकडे महिना ४०,००० रुपये मिळाले आणि जेवण, फोन, औषधाला १०,००० गेले. उरलेल्या ३०,००० पैकी पहिले पाच महिने मुद्दलासाठीच गेले. आणि पगार दोन महिने उशिरा आला तर? विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. तरीही सातबारा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की परत यायला पिढी लागते, हे आपल्या आयाबायांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट कामाची. आपले लायसन तिकडच्या मालट्रकला तसेच चालत नाही. तिथली परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, आखातात आणि बहुतेक युरोपात उजव्या बाजूने. स्टिअरिंगही डावीकडे असते. सहा वर्षांची हाताची सवय मोडावी लागते. परीक्षेचा खर्च कोणाचा, नापास झाल्यास काय, अपघात झाल्यास विमा कोणाचा, हे करारात लिहिलेले हवे.

कोणत्या देशात गाडी चालवायची, हेही लिहिलेले हवे. २००४ च्या जुलैत कुवेतच्या एका वाहतूक कंपनीचे सात ट्रकचालक इराकमध्ये पळवून नेले गेले. त्यांत तीन भारतीय होते. सहा आठवड्यांनी, १ सप्टेंबरला त्यांची सुटका झाली. नोकरी एका देशातल्या कंपनीची, आणि रस्ता दुसऱ्या देशातल्या युद्धाचा! त्या सहा आठवड्यांत घरच्या माणसांचे काय झाले असेल, त्याचा विचार करा.

युरोपात नियम कडक आहेत, पण ते चालकाच्या बाजूचे आहेत. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून फक्त दोनदा दहा. गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात वाहनचालकही धरले होते. पण त्यासाठी जर्मन भाषा शिकावी लागते, तिथले लायसन आणि व्यावसायिक पात्रता मिळवावी लागते. करार झाला म्हणजे नोकरी लागली, असे नव्हे. आणि परदेशाचे दार एका हुकमाने बंदही होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणे थांबवले, तेव्हा आधीच पैसे भरून बसलेल्याने कोणाकडे पाहायचे?

आता घरातल्या भगिनींसाठी. नवरा किंवा मुलगा जाणार असेल, तर पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या नकला घरात ठेवा. मालकाचे नाव-पत्ता वहीत लिहा. पगार बायकोच्या किंवा आईच्या बँक खात्यात येऊ द्या, मध्यस्थाच्या हाती नको. मंजुरी घेऊन जाणाऱ्यास प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचे संरक्षण मिळते. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. वारसाचे नाव बरोबर लिहिले आहे का, ते पाहा. अडचण आल्यास परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या संकेतस्थळावर किंवा भारतीय वकिलातीत तक्रार करता येते. आणि लेकरांची शाळा बापाच्या जाण्याने सुटता कामा नये.

त्या मुलाने आमच्या समोरच मध्यस्थाला फोन लावून परवान्याचा नंबर मागितला. पलीकडून उत्तर आले, "विश्वास नसेल तर दुसरा माणूस तयार आहे." मुलाने फोन ठेवला. खूप वेळ तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा पडलेला पाहून आम्हालाही बरे वाटले नाही. त्याचे स्वप्न आम्हीच मोडले की काय, असे क्षणभर वाटून गेले. मग आई म्हणाली, "जाऊ दे रं. जमीन हाय तवर वाट हाय."

तो जाणार नाही, असे नाही. यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यायची, असे त्याने ठरवले आहे. दहावी झाल्यावर मंजुरीची अट सुटेल, पण करार तपासणारे सरकारी डोळेही कमी होतील, हे आम्ही त्याला सांगितले आहे. तेव्हा त्याचा कागद त्यानेच वाचायला हवा. फॉर्म भरायला तो बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी येणार आहे. तुमच्या वस्तीत कोणाच्या पिशवीत असा कागद असेल, तर सही करण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. स्वतःला येत नसेल तर वाचता येणाऱ्याला बसवा. आणि वाचणाऱ्यांनो, घाई करू नका. आम्ही एकदा केली होती.