विश्लेषण : ‘शुगर बोर्ड’ लागले, पण संध्याकाळी ५ वाजता लागणाऱ्या गोडाच्या तलफेचे काय?

शाळांच्या भिंतींवर साखरेचे तक्ते लागले, पाठोपाठ कार्यालयांमध्येही तसे फलक लावण्याची सूचना आली. कशात किती साखर आहे हे आता अनेकांना तोंडपाठ झाले आहे. तरीही दुपारचा डबा संपून तीन-चार तास झाले की हात बिस्किटाच्या पुड्याकडे जातोच. हा मनाचा कमकुवतपणा आहे, की डब्यातच काही कमी पडते आहे?

नेमके काय झाले?

सीबीएसईने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. साखर किती खावी, नेहमीच्या खाऊत आणि शीतपेयांत ती किती असते, जास्त खाल्ल्याने काय होते आणि त्याऐवजी काय खावे, अशी माहिती या फलकावर असावी, असे मंडळाच्या परिपत्रकात म्हटले होते. मुलांमध्ये वाढणारा टाईप २ मधुमेह हे त्यामागचे कारण. ४ ते १० वयोगटातील मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के, तर ११ ते १८ वयोगटात १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात, असे या परिपत्रकात नमूद आहे. शिफारस ५ टक्क्यांची आहे.

टक्केवारी डोक्यात राहत नाही, म्हणून चमच्यांत मांडू. दिवसाला २००० उष्मांक धरले तर ५ टक्के म्हणजे १०० उष्मांक, म्हणजेच २५ ग्रॅम किंवा ५ चमचे साखर. १५ टक्के म्हणजे १५ चमचे. प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालून दिवसातून चार चहा घेणारा माणूस एकही मिठाई न खाता ८ चमचे गाठतो. ३०० मिलीलीटर कोलाच्या बाटलीत साधारण ६ ते ७ चमचे साखर असते.

यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांमध्ये तेल आणि साखरेचे फलक लावण्याचे आवाहन केले. जुलैमध्ये ‘समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा’ अशा पोस्ट फिरल्या त्या यावरूनच. प्रत्यक्षात तसा कोणताही इशारा कुठल्याही पदार्थावर लावायला सांगितलेला नव्हता, हे सरकारने स्पष्ट केले.

फलकावरच्या पहिल्या तीन गोष्टी सोप्या आहेत. अवघड आहे ती चौथी, म्हणजे ‘त्याऐवजी काय?’. सगळा प्रश्न तिथे अडतो.

तल्लफ येते कुठून?

गोड आवडणे जन्मजात आहे. पण ठरावीक वेळी येणारी तल्लफ बऱ्याचदा आधीच्या जेवणात तयार झालेली असते. मैदा, पांढरा भात, साखर असे पटकन पचणारे पदार्थ खाल्ले की रक्तातील साखर झपाट्याने वर जाते. शरीर इन्सुलिन सोडते आणि ती खाली येते. काही जणांमध्ये ती मूळ पातळीच्याही खाली घसरते. २०२१ मध्ये ‘नेचर मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात हजाराहून अधिक लोकांच्या दंडावर सेन्सर लावून हे मोजले गेले. खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त घसरत होती, त्यांना भूक लवकर लागत होती. अशी मंडळी दिवसभरात इतरांपेक्षा सरासरी ३१२ उष्मांक जास्त खात होती.

दुपारी दीडला जेवण आणि चार-साडेचारला तल्लफ, हे गणित इथे जुळते.

झोपेचाही संबंध आहे. शिकागोतील संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि गोड व पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली. रात्री दोनपर्यंत रील पाहणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या गुलाबजामचा दोष हलवायाला देऊ नये.

मग आपल्या डब्यात काय कमी पडते?

आयसीएमआर-इंडियाबचे आहाराविषयीचे निष्कर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. भारतीय प्रौढांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, तर प्रथिनांचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास आहे. कर्बोदकांचे फक्त ५ टक्के उष्मांक कमी करून त्याजागी डाळी किंवा दूध-दह्यासारख्या पदार्थांतील प्रथिने घेतली, तर मधुमेह आणि मधुमेहपूर्व अवस्थेचा धोका कमी होऊ शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. मात्र पांढऱ्या भाताऐवजी गव्हाचे किंवा नाचणी-बाजरीसारख्या भरड धान्याचे पीठ आले आणि एकूण कर्बोदके तेवढीच राहिली, तर असा फायदा दिसला नाही. ‘आम्ही आता भाकरी खातो’ एवढ्याने भागत नाही, असा याचा अर्थ.

नेहमीचा डबा पाहा. तीन पोळ्या, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, लोणचे. तीन पोळ्यांतून ९-१० ग्रॅम प्रथिने मिळतात, भाजीतून नाममात्र. घरी असतो तर वरण तरी असते. डब्यातून ते सांडेल म्हणून वगळले जाते आणि नेमकी पोट धरून ठेवणारी गोष्टच घरी राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. डाळी, अंडी, मांस-मासे यांतून सुमारे १४ टक्के उष्मांक यायला हवेत, प्रत्यक्षात येतात ६ ते ९ टक्के.

पोट भरते ते कशाने?

१९९५ मध्ये सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग केला. ३८ पदार्थांचे प्रत्येकी २४० उष्मांकांचे भाग करून लोकांना खायला दिले आणि पुढचे दोन तास त्यांना किती भरल्यासारखे वाटते ते नोंदवले. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला सर्वाधिक ३२३ गुण मिळाले. संत्र्याला २०२, केकला ६५ आणि क्रोसाँला सर्वात कमी ४७. एका पदार्थामागे डझनभरच माणसे होती, त्यामुळे आकडे अगदी ब्रह्मवाक्य नव्हेत. पण दिशा पुढच्या अभ्यासांशी जुळते. प्रथिने, तंतुमय घटक आणि पाणी जास्त असलेले, चावून खावे लागणारे पदार्थ भूक लांबवतात. कमी वजनात जास्त उष्मांक कोंबलेले, मऊ पदार्थ पोटाला कळायच्या आत संपतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. ताटात वाढलेले साखर, मेद, तंतू यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे होते आणि हवे तितके खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोक रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते.

चार वाजता खायचे काय?

यासाठी परदेशी बिया किंवा महागडे प्रोटीन बार शोधण्याची गरज नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांत ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ५ ग्रॅम तंतू मिळतात. सालासकट खाल्ले तर उत्तमच. तेवढ्याच शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिने असतात, पण उष्मांक १७० च्या घरात, त्यामुळे पुडी संपवण्याऐवजी मूठ मोजावी. एका अंड्यात ६ ग्रॅम. वाटीभर घट्ट दह्यात ५ ग्रॅम. मोड आलेली मटकी वाफवून कांदा-लिंबू घातली तर ती डब्यात सांडतही नाही. पेरूमध्ये तंतू भरपूर आणि तो चावावा लागतो, म्हणून पेरूच्या रसापेक्षा पेरू केव्हाही बरा. घरी असाल तर भाजणीचे थालीपीठ आणि दही, किंवा मुगाचे धिरडे. स्टेशनबाहेर उभे असाल तर वडापावऐवजी सुकी भेळ, चणे-दाणे जास्त आणि गोड चटणी नको असे सांगून. भेळवाला एकदा वर बघेल, पण देईल.

वेळ मात्र महत्त्वाची. तल्लफ आल्यावर फुटाणे शोधले तर ते हरतात. भुकेल्या पोटासमोर फुटाणे आणि क्रीम बिस्किट ठेवले तर काय होणार हे सांगायला अभ्यास नको. म्हणून तलफेच्या अर्धा-पाऊण तास आधी खायचे. कार्यालयाच्या आरोग्य तपासणीत वयाच्या २८ व्या वर्षी माझे एचबीए१सी ५.८ आले. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. तेव्हापासून मी टेबलाच्या खणात फुटाण्यांची बरणी ठेवली आणि दोन आठवडे नोंदी केल्या. डब्यात उसळ असलेल्या दिवशी बिस्किटाची आठवण उशिरा आली, काही दिवस आलीच नाही. एका माणसाच्या नोंदीला अभ्यास म्हणत नाहीत, हे इंजिनीअरिंगला शिकलोय. पण बरणी अजून खणात आहे.

तल्लफ की नुसती सवय?

एक घरगुती कसोटी आहे. समोर उकडलेले अंडे किंवा उसळ आली तर खाल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती भूक आहे. ‘नाही, बर्फीच हवी’ असेल तर ती सवय किंवा कंटाळा आहे आणि तिथे फुटाण्यांचा उपयोग नाही. उलट फुटाणेही खाल्ले जातील आणि बर्फीही. अशा वेळी जागा बदलणे, फेरी मारणे किंवा बिनसाखरेचा चहा घेणे बरे. आणि खरेच गोड खायचे असेल तर ते जेवणातच खावे. आपल्याकडे श्रीखंड, पुरणपोळी ताटातच वाढतात, वरण-भाजी-कोशिंबिरीच्या सोबतीला. रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा ही पद्धत शहाणपणाची आहे.

गूळ, खजूर, शुगर-फ्री चालेल का?

गूळ ही बव्हंशी साखरच. रंग बदलला म्हणून यकृत-स्वादुपिंडाला फरक कळत नाही. मध तसाच. खजुरात तंतू असतात, पण वजनाच्या जवळपास दोन-तृतीयांश साखर असते. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेला बार खजुरानेच गोड केलेला असतो, तेव्हा मागची बाजू वाचावी. कृत्रिम गोडीच्या पदार्थांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत, कारण दीर्घकाळात फायदा दिसत नाही. ही शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती.

धोरण कोणत्या दिशेने चालले आहे?

इथे विसंगती दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साखरयुक्त शीतपेये ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेली. पण आधीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून बोजा तेवढाच होता. त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीमवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा म्हणून हे ठीक, पण एका खात्याने साखरेचा फलक लावायचा आणि दुसऱ्याने बिस्किटावरील कर उतरवायचा, हे एकत्र बसत नाही.

महाराष्ट्रात त्याहून बोचरी गोष्ट घडली. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि अंडे द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. चार महिन्यांनी सीबीएसईच्या शाळांत साखरेचे तक्ते आले. दोन्हीकडची मुले वेगळी आहेत, शाळा वेगळ्या आहेत. पण ‘त्याऐवजी काय’ या प्रश्नाचे स्वस्त, पोटभरीचे उत्तर असलेले अंडे ज्या ताटातून गेले, ते ताट सर्वात गरीब मुलांचे आहे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा प्रत्येक वाडीतल्या दुकानात टांगलेला असतो. फलक लावायला खर्च येत नाही, अंड्याला येतो.

२०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक आहेत.

कोणी सावध राहावे?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांसाठी तर वेगळाच नियम आहे. त्यांना अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गोड खावेसे वाटले, तर ती तल्लफ नसून साखर धोकादायक पातळीवर उतरल्याची खूण असू शकते. अशा वेळी फुटाणे शोधत बसू नये. शुद्धीवर असताना लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, कमीच असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे आणि असे वारंवार होत असेल तर डोस बदलण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.